जुना डेटाबेस, नवं जँगो : समजुती आणि वस्तुस्थिती

पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचा विषय निघाला, की कोणीतरी ठामपणे सांगतं, "वेबवर जायचं तर डेटाबेस नव्यानेच करावा लागेल." मग वर्षानुवर्षं साठलेली खाती, त्यांवर चालणारे ऑडिटचे रिपोर्ट, सगळं एका झटक्यात हलवायचा घाट घातला जातो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. जँगोसारखं फ्रेमवर्क जुन्या टेबलांवर, ती आहेत तशी ठेवून काम करू शकतं. अडचण असते ती त्याने आपोआप काय काय केलं असेल, याबद्दलच्या आपल्या समजुतींची.

नावांचा प्रश्न सर्वांत सोपा. मॉडेलचं नाव 'सभासद' ठेवलं, तरी टेबलाचं नाव बदलावं लागत नाही. मेटामध्ये 'डीबी_टेबल' आणि फील्डवर 'डीबी_कॉलम' लिहिलं की जोडणी झाली. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायलींत कॉलमचं नाव दहा अक्षरांच्या आत बसवावं लागे, म्हणून 'एसीओपीडीटी' असली आखूड नावं ठिकठिकाणी सापडतात. डेटाबेसात ती तशीच राहू द्यावीत. कोडमध्ये वाचता येईल असं नाव वापरावं.

दुसरी समजूत अशी, की 'इन्स्पेक्टडीबी' कमांड चालवली की मॅपिंग तयार. ही कमांड टेबलं वाचून मॉडेलांचा कच्चा खर्डा देते, आणि पुढची साफसफाई हाताने करावी लागेल असं त्या फायलीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. कॉलमचा प्रकार ओळखता आला नाही, तर ती 'टेक्स्टफील्ड' लिहून हा अंदाज असल्याची टीप शेजारी देते. फॉरेन की तर डेटाबेसात नोंदवलेली असेल तरच तिला दिसते. मायएसक्यूएलच्या मायआयसॅम टेबलांत ती नोंदच नसते, त्यामुळे खात्यातला सभासद क्रमांक नुसता आकडा म्हणून उतरतो. हे नातं आपण लिहायचं, पण त्याआधी एक क्वेरी चालवून पाहायची : सभासद काढून टाकलेला आणि खातं मात्र शिल्लक, असे किती रेकॉर्ड आहेत? ते असतील तर 'खातं.सभासद' म्हटल्याबरोबर स्क्रीन कोसळेल.

त्याच खर्ड्यात प्रत्येक मॉडेलखाली 'मॅनेज्ड = फॉल्स' असतं. "म्हणजे टेबल फक्त वाचण्यापुरतं, बिघडायची भीती नाही," असं अनुभवी माणसंही म्हणतात. हे साफ चूक आहे. या ओळीचा अर्थ एवढाच, की ते टेबल तयार करणं, बदलणं किंवा काढून टाकणं जँगो करणार नाही. आतली माहिती सेव्ह आणि डिलीट दोन्हींनी खुशाल बदलते. टेबल खरोखर वाचण्यापुरतंच हवं असेल, तर डेटाबेसात फक्त 'सिलेक्ट'चा अधिकार असलेला वेगळा युजर करून जँगोला तोच द्यावा.

सगळ्यात घातक समजूत प्रायमरी कीबद्दल आहे. मॉडेलमध्ये ती सांगितली नाही, तर जँगो 'आयडी' नावाचा कॉलम गृहीत धरतं आणि पहिल्याच क्वेरीला असा कॉलम नसल्याची एरर येते. ती घालवायला घाईघाईने खाते क्रमांकावर 'प्रायमरी_की = ट्रू' लिहिलं जातं. एरर जाते, यादी नीट दिसते आणि जँगोने तपासून घेतलं असेल असं सगळे धरून चालतात. तो क्रमांक टेबलात खरंच एकदाच येतो का, हे जँगो पाहत नाही. ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं.

समजा, संस्थेच्या तीन शाखा आहेत आणि प्रत्येकीचे खाते क्रमांक १ पासून सुरू होतात. म्हणजे १०४५ क्रमांकाची खाती तीन. तुम्ही शाखा ०२ आणि क्रमांक १०४५ दोन्ही देऊन अचूक रेकॉर्ड काढलं, मोबाइल नंबर दुरुस्त केला आणि सेव्ह केलं. जँगो जी अपडेट क्वेरी पाठवतं, तिच्या 'व्हेअर'मध्ये फक्त प्रायमरी की असते : खाते क्रमांक १०४५. शाखा, नाव, शिल्लक हे सगळे कॉलम 'सेट'मध्ये जातात. शाखा आणि क्रमांक मिळून युनिक असल्याचं बंधन डेटाबेसात असेल, तर तो ही क्वेरी नाकारतो आणि तुम्ही वाचता. डीबीएफमधून नुसती उचलून आणलेली टेबलं बहुधा बंधनाविनाच असतात. तिथे तिन्ही खातेदारांचं नाव, शिल्लक आणि शाखा एकच होऊन बसते. एररही येत नाही, कारण निदान एक ओळ बदलली की जँगोच्या लेखी काम झालेलं असतं.

म्हणून मॉडेल लिहिण्याआधी त्या कॉलमवर 'ग्रुप बाय' लावून एकापेक्षा जास्त वेळा येणारे क्रमांक काढावेत. "पण जँगोला दोन कॉलमची की चालत नाही ना?" एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपर्यंत हे खरं होतं. त्या आवृत्तीपासून 'कॉम्पोझिटप्रायमरीकी' मिळते. मात्र ५.२ मध्ये अशी मॉडेलं अ‍ॅडमिनमध्ये नोंदवता येत नाहीत आणि त्यांच्याकडे नेहमीची फॉरेन की वळवता येत नाही. अ‍ॅडमिनवरच सगळं काम उभं करायचं असेल, तर हे आधीच हिशेबात धरायला हवं.

महाराष्ट्रातल्या जुन्या डेटाबेसांत आणखी एक गोष्ट आढळते. सभासदांची नावं मराठीत दिसतात, म्हणजे ती युनिकोडमध्येच असणार, असं मानलं जातं. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या जुन्या फॉण्टांत टाइप केलेलं नाव प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणून साठलेलं असतं. फॉण्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. जँगोच्या पानावर त्याच नावाचं गचपण दिसतं आणि 'पाटील' शोधल्यावर काहीच सापडत नाही. कॅरेक्टर सेट बदलून हे सुटत नाही. त्या फॉण्टचा तक्ता वापरून रूपांतरच करावं लागतं. तेही मूळ कॉलममध्ये करू नये, कारण जुने रिपोर्ट त्या फॉण्टवरच चालतात. जुन्या टेबलात नवा कॉलमही घालू नये. कॉलमांची नावं न देता 'इन्सर्ट' करणारा जुना प्रोग्रॅम त्याने अडतो. शाखा आणि सभासद क्रमांकासह युनिकोड नावाचं वेगळं टेबल करावं आणि ते मात्र जँगोच्या ताब्यात द्यावं.