गाणं आणि वय (भाग ५) : फाउंड्रीतले कान

मागच्या भागात आपण बाळाच्या कानापर्यंत आलो होतो. आईच्या पोटात सहा-सात महिने झाले की त्याला बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात. तिथून आज थेट विशीत जाऊ, कारण मधली वर्षं घरातला रेडिओ किंवा टेप ज्याच्या हातात, त्याच्याच आवडीवर निघून जातात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सेकंड शिफ्ट सुटली की टपरीवर उभं राहायचं आणि मोबाइलवर काय वाजतंय त्यावरून वाजवणाऱ्याचं वय ओळखायचं, हा माझा जुना खेळ. कुमार सानू लागला की माणूस पन्नाशीचा. १९९० साली ‘आशिकी’ आली तेव्हा तो कॅसेटी भरून घ्यायच्या वयात होता. ‘सैराट’ लागलं की तिशीच्या आतबाहेरचा, पिक्चर २०१६चा. भोजपुरी लागलं की मात्र खेळ फसतो. त्यावरून फार तर मुलूख कळतो.

हा खेळ अभ्यासकांनीही खेळून पाहिला आहे. अमेरिकेत होलब्रुक आणि शिंडलर या दोघांनी १९३२ ते १९८६ या काळातली २८ गाणी १०८ जणांना ऐकवली. कुठलं गाणं सगळ्यांत आवडलं? ऐकणारा सुमारे साडेतेवीस वर्षांचा असताना गाजलेलं. हा निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाला. अलीकडच्या एका अभ्यासात हे वय सतराच्या आसपास आलं. सतरा काय नि तेवीस काय, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, गावाबाहेरची पहिली खोली हे सगळं त्याच वर्षांत घडतं आणि त्या वेळी जे वाजत असतं ते आठवणींना चिकटून राहतं. २०१३ सालच्या एका अभ्यासात तर विशीतली मुलं आपल्या आईबापाच्या तरुणपणीची गाणीही आवडीनं ओळखताना दिसली. म्हणजे ‘सैराट’वाल्याच्या पोरालाही झिंगाट सुटणार नाही.

पण साडेतेवीसनंतर नव्या आवडीचं दार बंद होतं, असं कोल्हापुरात बसून म्हणणं अवघड आहे. गायक अल्लादियाखाँसाहेबांचं घराणं धृपदियांचं. तरुणपणी एका संस्थानात अतोनात गावं लागल्यानं त्यांचा आवाज बसला, तो पहिल्यासारखा परत आलाच नाही. मग उरलेल्या आवाजाला झेपेल अशी, लयीच्या आणि तानांच्या गुंत्यावर उभी असलेली ख्यालगायकी त्यांनी घडवली. इथं शाहू महाराजांच्या दरबारात ती रुजली आणि जयपूर-अत्रौली घराणं म्हणून देशभर गेली. याच घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचा जन्म १९१०चा. नीलकंठबुवांकडून ग्वाल्हेरची तालीम घेऊन ते नावारूपाला आले होते, तबकड्याही निघाल्या होत्या. तरी पंचविशीच्या सुमारास ते खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले आणि १९३७ साली मंजीखाँ गेल्यावर धाकटे भुर्जीखाँ यांच्यापुढे. आवड बदलते, पण तिच्यासाठी असं बसावं लागतं. बारा तासांच्या पाळीनंतर कोण बसणार?

आता मला खरं सांगायचं आहे ते या पाळीतल्या फेटलिंगबद्दल, म्हणजे फाउंड्रीतली कास्टिंगं घासून साफ करण्याच्या कामाबद्दल. कास्टिंगवर ग्राइंडर चालतो तिथं आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. आपल्याकडच्या कारखाना नियमांनी आठ तासांसाठी घातलेली मर्यादाच ९०ची आहे. वर्षानुवर्षं हा मारा झाला की कानाच्या आतल्या केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला खड्डा पडतो तो साधारण ४००० हर्ट्झला. ढोल, ढोलकीचा धुम्म, पुरुषाचा खर्ज शाबूत राहतो. जातात ती ‘स’, ‘श’सारखी उंच पट्टीची, हलकी व्यंजनं. परिणामी चाल कळते, शब्द विरतात.

‘हल्लीच्या गाण्यात शब्दच नसतात’ ही पन्नाशीतल्या कामगाराची तक्रार म्हणूनच मला निव्वळ म्हातारपणाची कुरकुर वाटत नाही. नव्या गाण्यातले शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नसतील. जुनं गाणं मात्र पाठ असतं, आणि मेंदू गाळलेल्या जागा स्वतःच भरतो. २००५ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी हे पाहिलं होतं: ओळखीचं गाणं मध्येच बंद केलं तरी मेंदूतलं श्रवणाचं केंद्र त्या शांततेत काम करत राहिलं. झिजलेल्या कानाला जुनं गाणं अधिक स्पष्ट ऐकू येतं, हा माझा तर्क त्यावरून बांधलेला. फेटलिंगवाल्यांवर तो कुणीतरी तपासून पाहायला हवा.

इअरप्लग दिलेले असतात, ते बहुधा खिशात असतात. वर हल्ली पाळी संपल्यावर त्याच कानांत इअरफोन जातात, दिवसभराच्या गोंगाटानं बधिर झालेल्या कानाला पुरे पडावं म्हणून आवाज आणखी वाढवून.

पुढच्या भागात श्रवणयंत्र. ते बनवलेलं असतं बोलणं ऐकू यावं म्हणून. त्यातून तंबोरा कसा लागतो ते पाहू.