अपघात आणि उत्तरदायित्व

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी झोतभट्ट्यांशी निगडित अशा पंपगृहात विषारी वायू पसरून सहा जण मृत्युमुखी पडले. मृतांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. पुढे ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोकभट्टीच्या वायुवाहिनीवर दुरुस्ती चालू असता आग भडकून अनेक कर्मचारी प्राणास मुकले. हजारो माणसे जेथे राबतात, तेथे अशा मृत्यूचा जाब कोणी द्यावा?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने ही जबाबदारी मुख्यतः दोन व्यक्तींवर टाकली होती : भोगवटादार, म्हणजे कारखान्यावर ज्याचे अंतिम नियंत्रण असते तो, आणि व्यवस्थापक. भोगवटादार म्हणून एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याचे नाव पुढे करून संचालकांना नामानिराळे राहता येऊ नये, म्हणून भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. कंपनीचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले. सरकारच्या नियंत्रणाखालील कारखान्यांना मात्र वेगळा नियम होता. कारखान्याचा कारभार पाहण्यासाठी नेमलेली व्यक्ती हीच तेथे भोगवटादार ठरे. इंडियन ऑइलच्या प्रकरणात १९९८ साली न्यायालयाने हा नियम सरकारी कंपनीलाही लागू केला.

आरोपीला बचाव नव्हता असे नाही. आपण योग्य ती दक्षता घेतली होती आणि अपराध आपल्या नकळत घडला, हे सिद्ध करून खऱ्या अपराध्यास न्यायालयापुढे उभे केल्यास त्याची सुटका होई. परंतु सिद्धतेचा भार त्याच्यावरच असे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. २०१८ च्या दुर्घटनेनंतर कारखान्याच्या प्रमुखास पदावरून दूर करण्यात आले आणि दोन अधिकारी निलंबित झाले. ही प्रशासकीय कारवाई होय. अपराध शाबीत होणे निराळे. जुन्या अधिनियमाखाली कारखाना निरीक्षकाच्या फिर्यादीवाचून अथवा लेखी संमतीवाचून खटला उभा राहत नसे आणि अपराध त्यास कळल्यापासून सामान्यतः तीन महिन्यांत फिर्याद व्हावी लागे. मृताच्या विधवेला स्वतःहून या कायद्याचे दार ठोठावता येत नसे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता अंमलात आली आहे. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू ओढवल्यास तीत दोन वर्षांपर्यंत कारावास, किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. तथापि शिक्षेचे खरे प्रयोजन सूड हे नव्हे. वायुवाहिनी उघडण्याच्या परवान्यावर सही करणाऱ्याला आपल्या सहीचे मोल त्याच क्षणी कळावे, हे ते प्रयोजन होय. विषारी वायू हुद्दा पाहत नाही. जबाबदारी ठरविताना कायद्याने मात्र तो पाहिलाच पाहिजे.