रिपोर्ट चांगला आला, म्हणून गोळी बंद करू नका



सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे एक दादा आमच्या ओळखीचे. वय ४८. अंगाने काटक, पोट सुटलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. महात्मा फुले योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. सहा महिन्यांनी रक्त तपासलं, तर एलडीएल १६८ वरून ६२ वर आलेलं. दादांना वाटलं, बरे झालो. त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. दहा महिन्यांनी दुसरा अटॅक आला. जीव वाचला, पण हृदय कमजोर झालं. आता पोतं उचलवत नाही. घर वहिनींच्या धुण्याभांड्यावर चालतं.

वहिनींनी आम्हाला विचारलं, "रिपोर्ट तर चांगला होता ना, ताई? मग असं कसं झालं?"

दवाखान्यातून सोडताना हे त्यांना कुणी नीट समजावलं नव्हतं. आम्हीसुद्धा वॉर्डात काम करताना कितीतरी जणांना "गोळ्या वेळेवर घ्या" एवढंच सांगून घरी पाठवलं आहे. किती दिवस घ्यायच्या, कशासाठी घ्यायच्या, हे सांगायचं राहून गेलं. ते या पानावर सांगतो.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. शरीराला तो लागतोच, आणि त्यातला बराचसा आपलं लिव्हर स्वतःच तयार करतं. रक्तातून तो दोन मुख्य वाहनांनी फिरतो. एलडीएल त्याला रक्तवाहिन्यांकडे नेतं, एचडीएल जादा झालेला माघारी आणतं. एलडीएल वाढलं की ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साठतं.

नळात गाळ बसतो तसं हे नाही. घराच्या भिंतीत ओल धरते, तसं आहे. वरून गिलावा ठीक दिसतो, आत पोकळ होत जातं, आणि एक दिवस पोपडा निघतो. रक्तवाहिनीतला असा पोपडा फुटला की तिथे रक्ताची गुठळी होते. हृदयाकडे जाणारं रक्त थांबलं तर हार्ट अटॅक, मेंदूकडे जाणारं थांबलं तर लकवा. ही ओल वर्षानुवर्षं वाढते, पण दुखत नाही. तपासल्याशिवाय कळत नाही.

"आम्ही कष्टाची माणसं, आम्हाला कुठलं कोलेस्टेरॉल?" असं वस्तीत नेहमी ऐकतो. कष्टाचा फायदा होतोच, पण तेवढ्यावर भागत नाही. बारीक माणसाचंही एलडीएल जास्त असू शकतं. काही घरांत ते आईबापाकडून येतं. आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीत साधारण चारातल्या एका प्रौढाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आढळलं. हा फक्त बंगल्यातला आजार नाही.

गोळी काय करते?

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या गोळ्या लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनणं कमी करतात. मग लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. भिंतीतला पोपडाही घट्ट होतो, सहजी फुटत नाही. गोळी थांबवली की लिव्हर पुन्हा पहिल्यासारखं कामाला लागतं आणि थोड्याच आठवड्यांत एलडीएल वर जातं. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर हेच. तो चांगला रिपोर्ट गोळीचा होता. गोळी गेली, रिपोर्टही गेला.

स्टेंटमुळे एका जागचा अडथळा दूर होतो, बाकीच्या रक्तवाहिन्या तशाच राहतात. म्हणून अटॅक येऊन गेलेल्यांना ही गोळी बहुधा कायमची असते. अंग खूप दुखू लागलं, तर गोळी आपल्या मनाने टाकू नका, डॉक्टरांना सांगा. ते डोस कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल, तर तेही आधी सांगा. जनऔषधी केंद्रात या गोळ्या स्वस्त मिळतात.

आकडे कसे वाचायचे?

या तपासणीला लिपिड प्रोफाइल म्हणतात. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. एचडीएल पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या वर असावं. एलडीएल साधारणपणे १०० च्या आत. डायबेटीस किंवा दुसरा धोका जास्त असेल तर ७० च्या आत, आणि अटॅक येऊन गेला असेल तर ५५ च्या आत ठेवायला सांगतात. कागदावर "नॉर्मल" छापलं असलं, तरी आपल्यासाठी नॉर्मल किती, हे डॉक्टरांना विचारा.

ताटात काय?

आपल्या जेवणाला कुणी नावं ठेवली म्हणून लाजायचं कारण नाही. ज्वारीची भाकरी, हुलगे, मटकी, मेथी, मूठभर शेंगदाणे हे हृदयाचंच जेवण आहे. महागडे ओट्स नकोत. बहुतेकांना अंडंही सोडावं लागत नाही. मटण-वजडी रोज नको, केली तर वर तरंगणारी चरबी काढून टाका.

खरी अडचण तेलाची आहे. २०२३ मध्ये गुढीपाडवा आणि आंबेडकर जयंतीला आनंदाचा शिधा मिळाला. १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि १ लिटर पामतेल. स्वस्त म्हणून एरवीही आपण पामतेलच आणतो. पण त्यातली जवळजवळ निम्मी चरबी एलडीएल वाढवणारी असते. शेंगतेल, करडई तेल त्यापेक्षा बरं. ते परवडत नसेल, तर आहे तेच निम्मं वापरा. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. डालडा आणि भजी तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका.

तंबाखू, बिडी आणि मिश्रीही सोडा. मिश्री दाताला लावायची असली, तरी तंबाखू रक्तातच जातो.

कुठे जायचं?

तिशी ओलांडलेल्यांचं बीपी आणि साखर आरोग्य उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा. लिपिड प्रोफाइलसाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयात चौकशी करा. घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल, तर भाऊ, बहीण, मुलं सगळ्यांनी तपासून घ्यावं.

छातीत दाब, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात कळ, दम लागणं, थंड घाम, यातलं काही झालं तर पित्ताची गोळी खाऊन पडू नका. १०८ ला फोन करा. बायकांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं.

दादा आता रोज गोळी घेतात. वहिनी पाकीट मोजतात. रविवारी वंदनेला विहारात याल, तेव्हा शेजारच्याला एवढंच विचारा, "गोळी चालू आहे ना?"