लांबलचक पोलिश शब्द? आधी तोंडासाठी तोडा, मग अर्थासाठी

भोकरदनहून बोलतोय. ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

माझा मावसभाऊ कामासाठी पोलंडला गेलाय. परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला, “दादा, दुकानात मी तोंडच उघडत नाही. नुसतं बोट दाखवतो. शब्द एवढे लांब, की सुरुवात कुठून करू तेच कळत नाही.” सोबत एका शब्दाचा स्क्रीनशॉट. मोजली तर 23 अक्षरं!

मी त्याला आपल्याच गावाचं नाव घ्यायला सांगितलं. भो-कर-दन. तीन झटके, म्हणजे तीन सिलॅबल. पण गावाचं जुनं नाव भोगवर्धन, म्हणजे भोग + वर्धन. अर्थाचे तुकडे दोनच. तोंड एका जागी तोडतं, अर्थ दुसऱ्या जागी. लांब शब्दात घोळ होतो तो इथंच.

आता पोलिश. आधी तोंडासाठी तोडू.

एक: जोडीची अक्षरं ओळखा. एस-झेड मिळून ‘श’सारखा एकच आवाज, सी-झेड मिळून ‘च’सारखा. म्हणजे आपल्या ‘श्च’ला तिकडं चार अक्षरं लागतात. शब्द दिसतो तेवढा लांब नसतो.

दोन: स्वर मोजा. जितके स्वर, तितके झटके. स्वराच्या आधी आय आला तर तो मोजायचा नाही. आपल्या ‘च्या’मध्ये ‘य’ असतो, पण झटका एकच ना? तसंच.

तीन: जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या झटक्यावर.

भावाचा शब्द असा निघाला: प्येंच-ज्ये-श्येन-च्यो-ग्रो-शूफ-का. 23 अक्षरं, झटके फक्त सात. जोर ‘शूफ’वर.

आता अर्थासाठी तोडू. प्येंच म्हणजे पाच, पुढचा तुकडा दहाचा, मग ‘ओ’ हा सांधा, मग ग्रोश, शेवटी नाण्याचं नाव करणारा प्रत्यय. पन्नास ग्रोशचं नाणं! शंभर ग्रोशचा एक झ्लॉटी. बघा, तोंडानं ग्रोशचे दोन तुकडे केले होते, अर्थानं ते परत जोडले. आणि ‘प्येंच’ आपल्या ‘पंच’च्याच कुळातला. आपला ‘पन्नास’सुद्धा संस्कृत ‘पंचाशत्’वरून आलाय, म्हणजे पाच दहाच. फक्त झिजून सांधा दिसेनासा झालाय.

ही भाषा महाराष्ट्रात आधीही नांदलीय बरं का. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका अन् मुलं. त्यांच्या भाषेत ‘ळ’ नाही. म्हणजे आपल्या गावाचं नाव घेताना त्यांनाही जीभ वळवावी लागलीच असणार.

काल भावाचा मेसेज आला. सात झटके, मध्ये एकदा अडखळला, पण शेवटपर्यंत गेला. म्हणाला, “दादा, आज दुकानात बोलतोच.”

तुम्हाला अडवणारा शब्द कुठलाही असो, मोठ्यानं म्हणा अन् बोटांवर झटके मोजा. भेटू पुढच्या भागात!