गरोदरपणाचे मधले तीन महिने

चौथा महिना लागला की बहुधा ओकाऱ्या थांबतात, अन्नावर वासना येते व गरोदर स्त्री पुन्हा निंदणी-खुरपणीस जाऊ लागते. घरची माणसे निश्चिंत होतात. परंतु गर्भासाठी लोहाची गरज वाढते ती याच सुमारास. म्हणून अंगात रक्त कमी असल्यास ते आताच भरून काढावयास हवे. पापणीची आतली बाजू फिकी दिसणे, थोड्या श्रमाने धाप लागणे ही रक्तक्षयाची चिन्हे होत.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, याप्रमाणे १८० दिवस घ्यावयाची असते. चहाबरोबर ती घेतल्यास लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. शौचास काळे होते म्हणून पुष्कळ स्त्रिया गोळ्या फडताळात ठेवून देतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. गोळीने मूल काळे निपजते, हा सासूबाईंचा समज मात्र आशाताईंना चुलीपाशी बसूनच दूर करावा लागतो.

पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाची हालचाल जाणवते, पहिलटकरणीस जरा उशिरा. अंगावरून रक्त जाणे, तोंडावर सूज येणे किंवा डोके सतत दुखून दृष्टी अंधुक होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापुढील गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवसाची मजुरी बुडते, ही अडचण खरी. घरच्या कर्त्या पुरुषाने ती आधीच हिशेबात धरावी.