चूल गेली, भाजणे राहो

ताटाची डावी बाजू आणि उजवी बाजू यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्यांच्या जेवणात ताटच नसे, बांधावर बसून भाकरी हातावर घ्यायची आणि जेवण उरकायचे, त्यांच्या बोलीत या साऱ्याला एकच शब्द होता, तोंडी लावणे. भाकरी हे जेवण, आणि बाकीचे सगळे तोंडी लावायला. जालना जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत हे तोंडी लावणे बहुतेक वेळा भाजलेले असे. हिरवी मिरची, वांगे, कोवळी भेंडी, शेतातून येताना ओटीत आणलेले हरभऱ्याचे डहाळे. फोडणीला तेल लागते आणि तेलाला पैसा लागतो. निखाऱ्याला काहीच लागत नाही. भाकरी झाल्या की तो मागे उरतोच.

माझे गाव भोकरदन तालुक्यातले. त्या बाजूला पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि घरातल्या भाजण्यातही पहिला मान मिरचीचा. आईचा क्रम ठरलेला असे. शेवटची भाकरी तव्यावरून उतरून आराला लागली, फुगली, की आई पऱ्हाटीचे जळते टोक मागे ओढून घेई. चुलीच्या तोंडाशी आर पसरायचा, त्यावर मिरच्या. वांगे मात्र आधीच फुफाट्यात पुरलेले असे, कारण त्याला वेळ लागतो. भेंडी सर्वांत शेवटी, उतरत्या तव्यावर, तेलाचा थेंबही न घालता. मग मीठ, आणि असलेच तर वरून कच्चे करडईचे तेल. याला कोणी पाककृती म्हणत नसे. पाहुणा आला तर हे त्याच्यापुढे ठेवायचीही लाज वाटे. पाहुण्याला रस्सा, घरच्यांना भाजलेले.

चुलीविषयी हळवे होऊन लिहिण्याची आता पद्धत पडली आहे. हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर 'चुलीवरचे' अशा पाट्या लागतात आणि शहरातली माणसे गाड्या थांबवून तिथे जेवतात. पण त्या चुलीपुढे चाळीस वर्षे बसलेल्या बाईला कोणी विचारत नाही. माझ्या आईचा खोकला पावसाळ्यात सुरू होई आणि संक्रांतीपर्यंत थांबत नसे. पऱ्हाटी ओली, तुराट्या ओल्या, गोवऱ्या सादळलेल्या. घरभर धूर कोंडलेला आणि आई फुंकणीने फुंकते आहे, हेच चित्र. पुढे तिला दमा जडला. जालन्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावून तपासले आणि औषधांची नावे लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारला, "आजी, स्वयंपाक कशावर करता?"

हा प्रश्न एकट्या माझ्या आईचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरापायी २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, आणि त्यांत लहान मुलेही मोठ्या संख्येने होती. आपल्याकडे १ मे २०१६ रोजी गरीब घरांतल्या स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली, ती याच कारणासाठी. सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चुलीकडे वळलेली घरेही मी पाहिली आहेत. तरीही सांगायचे तर चूल जायलाच हवी होती. तिच्या जाण्याने डोळे गाळायचे कारण नाही. तिच्यापुढे बसून गाळलेले डोळे पुरेसे झाले.

मात्र चुलीबरोबर आणखी एक गोष्ट निघून गेली. आई आमच्याकडे जालन्याला राहायला आली. धूर थांबला, खोकला पुष्कळ उतरला. पण तिचे जेवण कमी झाले. ज्वारीची भाकरी होती, भाजी होती, वरण होते. ती दोन घास खाई आणि हात धुई. गॅसच्या ज्योतीवर वांगे भाजता येते, पण भेंडी येत नाही, ती जाळीतून खाली पडते. मिरची भाजावी तर दोन खोल्यांच्या घरात असा ठसका उठतो की निरोगी माणसानेही गॅलरीत पळावे. दम्याच्या माणसाला तर ते विषच. एकदा ती सहज बोलून गेली, "राहू दे रे लेकरा. भाजलेलं खायाचे दिवस सरले आता." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागले. ज्या धुराने तिची छाती घेतली, त्याच्यासोबत तिची चवही गेली, हा व्यवहार काही न्यायाचा नव्हता.

उपाय सापडला तो माळ्यावर. आमच्याकडे एक विजेचा ओव्हन होता. मराठवाड्यातल्या घरांत ओव्हनचे काम तसे वर्षातून एकदाच. पूर्वी दिवाळीच्या आधी बायका मळलेले पीठ डब्यांत घेऊन बेकरीत जात आणि नानकटाई भाजून आणत. पुढे ज्यांना जमले त्यांनी घरीच ओव्हन घेतला. मुलांच्या वाढदिवसाचे केक झाले, मुले मोठी झाली आणि ओव्हन माळ्यावर गेला. एरवी जालन्यात भट्टी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती औद्योगिक वसाहतीतली, भंगार वितळवून सळ्या करणारी. घरातल्या या छोट्या भट्टीत भाजीही भाजता येईल, हे माझ्या पत्नीच्या मनात आले. ती म्हणाली, "आत्याबाई, आज भेंडी यात भाजून बघू." आई म्हणाली, "बघ बाई. केकासारखी गोड नको करू म्हणजे झालं."

भाजण्यामागचे शास्त्र इथे थोडे सांगायला हवे, कारण सारी गोम त्यातच आहे. भाजी शिजवली, म्हणजे पाण्यात वा वाफेवर ठेवली, तर तिचे तापमान शंभर अंशांच्या पुढे फारसे जात नाही. ती मऊ होते, पण तिच्यावर तांबूस रंग चढत नाही. भाकरीच्या पापुद्र्याला, भाजलेल्या शेंगदाण्याला, खरपूस मिरचीला जो रंग आणि स्वाद येतो, तो साधारण १४० अंशांच्या पुढे. त्या उष्णतेत पदार्थातल्या साखरेचा आणि प्रथिनांतल्या घटकांचा संयोग होऊन नवे स्वाद तयार होतात. लुई कॅमिल मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आमच्या आयाबायांना मेयार ठाऊक नव्हता, पण आर कधी पसरायचा आणि पऱ्हाटी कधी मागे ओढायची हे ठाऊक होते. आधी पाणी उडवायचे, मग रंग आणायचा. ज्वाळा नको, धग हवी. ओव्हन करतो ते एवढेच. तो धग देतो, धूर देत नाही.

भेंडीला तर हे फारच मानवते. तिचा चिकटपणा ओलाव्यात सुटतो, कोरड्या धगीत आटतो. आमच्या घरात आता बसलेली रीत अशी. पाव किलो कोवळी भेंडी धुवायची आणि कापडाने अगदी कोरडी पुसायची. उभी चिरून दोन फाकी करायच्या. चमचाभर शेंगदाण्याचे तेल हाताने चोळायचे. ओव्हन २२० अंशांवर ठेवून दहा मिनिटे आधी तापू द्यायचा. ट्रेमध्ये फाकी एकमेकींना न चिकटता एका थरात मांडायच्या. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण ट्रे गच्च भरला की भाजीतून निघालेल्या वाफेला वाट मिळत नाही आणि भाजी भाजण्याऐवजी उकडते. बारा ते पंधरा मिनिटे लागतात, मध्ये एकदा परतायचे. कडा तांबूस झाल्या की बाहेर. मीठ नंतर, कारण आधी घातले तर पाणी सुटते. वर जवसाची चटणी भुरभुरली की भाकरीला दुसरे काही लागत नाही. विजेचा खर्च म्हणाल तर अर्ध्या युनिटच्या आसपास.

मिरच्यांना सुरीच्या टोकाने एक चीर द्यावी, नाहीतर आतली वाफ कोंडून त्या फुटतात. ठसका थोडा उठतोच, म्हणून खिडकी उघडी आणि आई त्या वेळी बाहेरच्या खोलीत. वांग्यालाही टोचे मारावे लागतात आणि त्याला चाळीसेक मिनिटे द्यावी लागतात. कच्चे हिरवे टोमॅटो अर्धे करून भाजले तर त्यांची चटणी फार चांगली होते. गवार मात्र नुसती भाजली तर चिवट होते. ती आधी मीठपाण्यात दोन मिनिटे उकळून, निथळून, कोरडी करून मग ट्रेमध्ये घालावी. पालेभाजीच्या वाट्याला हे प्रकरण नेऊ नये. आणि कोणत्याही हिरव्या भाजीला जास्त वेळ देऊ नये. उष्णतेत रेंगाळली की तिचा हिरवा रंग मळकट होतो. धग मोठी आणि वेळ थोडा, हा नियम. घरी ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तव्यावर, एका थरात, हे निम्म्याहून अधिक साधते.

भेंडीचे आणि जालन्याचे नाते तसे जुने आहे. आज जालना बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते, त्या उद्योगाच्या मुळाशी हीच भाजी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत तयार झालेल्या 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली. शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला त्या काळी दाद न देणारी ही जात होती. १९६४ साली त्यांनी जालन्यात महिको ही कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्या भेंडीच्या बियाण्याने गावाचे नाव जगात गेले, ती भेंडी घरात मात्र पाहुण्यापासून लपवून तव्यावर भाजली जात होती. आपल्या अन्नाची आपल्याला वाटणारी लाज ही अशी असते.

ती लाज हुरड्याच्या बाबतीत तेवढी गेली. रब्बी ज्वारीचे कणीस चिकात आले, दाणा अजून हिरवा, त्यातली साखर पुरती पिठात न उतरलेली, अशा वेळी आगटीत गोवऱ्यांच्या धगीवर ते भाजायचे आणि तळहातांवर चोळून गरम गरम खायचे. हुरडाही हिरवेच भाजणे, आणि त्याचा खरपूस स्वादही त्याच क्रियेचा. गावात तो फुकट होता. आता शेताच्या कडेला खुर्च्या टाकून, तिकीट लावून हुरडा पार्ट्या होतात. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर त्यात वाईट काही नाही. पण उत्सव झालेली वस्तू रोजच्या जेवणातून जाते, हे विसरू नये. हुरड्याला पाट्या लागल्या, भाजलेली भेंडी मात्र कोणाच्या लक्षातही राहिली नाही. ती रोजची होती म्हणून. मोठ्या हॉटेलांत आता मांसाच्या बशीशेजारी भाजलेल्या हिरव्या भाज्या मानाने वाढतात. ते पाहून आपण आपल्याकडे वळू नये. आपल्याकडे ते होतेच, म्हणून वळावे.

आईचा निकाल काय लागला? पहिल्या दिवशी तिने एक फाक उचलली, वास घेतला आणि म्हणाली, "चुलीचा वास न्हाई याला." ते खरेच आहे. भरताला जो धुराचा वास लागतो, तो ओव्हन देऊ शकत नाही, आणि देतो असे मी म्हणणार नाही. तेवढे गमावलेच. मग तिने ती फाक भाकरीत घेतली, दुसरी उचलली, आणि जरा वेळाने म्हणाली, "गोडी मातर हाये." त्या दिवशी तिने एक भाकरी पूर्ण खाल्ली.

वास आणि गोडी यांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. जुन्या गोष्टींबद्दल बोलताना आपण दोहोंची गल्लत करतो. एक तर सगळेच परत हवे म्हणतो, धुरासकट. नाही तर सगळेच टाकून देतो, चवीसकट. चुलीत धूरही होता आणि धगही होती. धुराने बायकांच्या छातीचे चाळण केले आणि धगीने गरिबाच्या भाकरीला तोंडी लावणे दिले. पुढच्या पिढीच्या हाती काय द्यायचे, हे निवडण्याची सोय आता आपल्याकडे आहे. बाजारात कोवळी भेंडी आली, हिरवी मिरची स्वस्त झाली, की माळ्यावरचा ओव्हन खाली काढावा, नसेल तर तवा तापवावा. आणि पाहुणा आला तर ते त्याच्याही पुढे ठेवावे.