पिवळा दिवा आणि माझी भागाकाराची वही



आमच्याकडे २०१४ सालची पेट्रोलवर चालणारी एक मोटार आहे. माझे अण्णा रोज पहाटे तिच्यातून तालुक्याहून पाव, खारी आणि टोस्ट आणतात आणि सात गावांच्या दुकानांत टाकतात. या गाडीवरच आमचे घर चालते.

यंदा पावसाळ्यात गाडीच्या मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. तो काही विझेना. त्याच सुमारास गाडी पेट्रोलही जास्त पिऊ लागली. तालुक्यातल्या एका मेकॅनिकने नुसते बॉनेट उघडून पाहिले आणि प्लग बदलले. त्याचे १२०० रुपये झाले. दिवा तसाच. मग तो म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, ४००० लागतील." अण्णा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी आईच्या पाकिटातली एक मोठी टिकली घेतली आणि दिव्यावर चिकटवली. म्हणाले, "डोळ्यासमोर नको ते." रात्री ते आईला सांगत होते, की असेच चालले तर लांबची दोन गावे सोडावी लागतील. मी जागाच होतो.

पुढच्या रविवारी मामा आला. तो आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिकला आहे. त्याने टिकली पाहिली आणि हसला. मग विचारले, "दाजी, ॲव्हरेज किती देते?"

अण्णा म्हणाले, "कमी झालंय."

"कमी म्हणजे किती?"

कोणालाच सांगता येईना. मामा म्हणाला, "दुखणं मोजल्याशिवाय औषध नको." आणि ते मोजण्याचे काम त्याने मला दिले.

ॲव्हरेज काढणे अगदी सोपे आहे. टाकी पूर्ण भरायची आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवायचे. गाडी रोजच्यासारखी चालवायची. पुढच्या वेळी पुन्हा टाकी पूर्ण भरायची. आता जेवढे लिटर भरले तेवढेच मधल्या वेळेत जळले. मधल्या किलोमीटरना त्या लिटरने भागायचे. एकदाच मोजून चालत नाही, दोन-तीनदा मोजावे. मी लिटरचे पॉइंट सोडून दिले.

आमची गाडी २५२ किलोमीटर चालली आणि १८ लिटर पेट्रोल बसले. २५२ भागिले १८ बरोबर १४. अण्णांच्या गेल्या वर्षीच्या डायरीत पाहिले, तेव्हा १७ पडत होते. म्हणजे लिटरमागे ३ किलोमीटरचे नुकसान. गाडी महिन्याला सुमारे २४०० किलोमीटर फिरते. भाग पूर्ण जावा म्हणून मी २३८० धरले. १७ ने भागले तर १४० लिटर लागतात, १४ ने भागले तर १७० लिटर. महिन्याला ३० लिटर जास्त! हिशेबाला लिटरचे १०० रुपये धरले तरी ३००० रुपये झाले. अण्णांनी तो आकडा दोनदा वाचला.

आता हा दिवा म्हणजे काय ते सांगतो. गाडीत एक छोटा संगणक असतो. पाण्याची उष्णता, आत येणारी हवा, सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन हे सारे तो निरनिराळ्या सेन्सरकडून विचारून घेतो. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. हा मेळ तोच घालतो. एखादी गोष्ट ठरलेल्या मापात बसली नाही, की तो पिवळा दिवा लावतो आणि त्या दोषाचा क्रमांक लिहून ठेवतो. या क्रमांकाला कोड म्हणतात. अमेरिकेत १९९६ सालापासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. आपल्या देशात ती २०१० च्या पुढे टप्प्याटप्प्याने आली.

त्याच्या पुढच्या रविवारी मामा स्कॅनर घेऊन आला. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा सॉकेट असतो, त्यात त्याने तो खोचला. कोड आला पी ०१२८. मामाने तो मला वहीत लिहायला लावला. पी म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग. त्यापुढचा ० म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत सारखाच. कोडचा अर्थ असा, की इंजिनाचे पाणी पाहिजे तेवढे तापत नाही.

मला वाटले होते की गाडी तापली तर दोष असतो. न तापणे हा दोष कसा? मामाने आमच्या न्हाणीतला बंब दाखवला. बंबाचा नळ चालूच ठेवला आणि वरून गार पाणी ओतत राहिले, तर कितीही लाकडे घातली तरी पाणी कढत होणार नाही. लाकडे मात्र संपतील. इंजिनातही तसेच आहे. तिथे थर्मोस्टॅट नावाचा एक लहान व्हॉल्व्ह असतो. त्याच्या आत मेण असते. पाणी गार असताना तो बंद राहतो, म्हणून इंजिन लवकर तापते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले, की मेण वितळून फुगते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते. हा व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर पाणी सारखे निवत राहते. संगणकाला वाटते इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो.

"मग व्हॉल्व्ह आणू या!" मी म्हणालो. मामा म्हणाला, "थांब. कोड नुसतं बोट दाखवतो, चोराचं नाव सांगत नाही." पाणी कमी असले तरी हाच कोड येऊ शकतो. सेन्सर खोटे बोलत असला तरी येऊ शकतो. म्हणून त्याने तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, गार इंजिनात पाण्याची पातळी पाहिली. ती बरोबर होती. (गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.)

दुसरी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे पाणी स्कॅनरवर पाहिले. ते २४ अंश दाखवत होते. बाहेरची हवाही तितकीच होती. म्हणजे सेन्सर खरे बोलत होता.

तिसरी, गाडी सुरू केली आणि मामाने रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला हात लावला. फिरणाऱ्या पंख्यापासून हात लांब ठेवला. मी लांबूनच बघत होतो. व्हॉल्व्ह चांगला असेल तर ही नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते. आमची नळी पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होऊ लागली. वीस मिनिटे गाडी फिरवून आणली तरी स्कॅनरवर ६२ अंशच. मामा म्हणाला, "आता चोर सापडला."

तो व्हॉल्व्ह यायला चार दिवस लागणार होते. तोवर मामाने चाकांची हवा मोजली. दाराच्या चौकटीवरच्या कागदावर ३० लिहिले होते, आमच्या चाकांत होती २२. मऊ चाक ओढायला जास्त जोर लागतो. बैलगाडी चिखलात ओढावी तसेच ते. चाके जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिली. ब्रेक कुठे घासत नव्हते. हवेचा आणि ब्रेकचा हा दोष आमच्या गाडीच्या संगणकाला कळत नाही, कारण तिथे त्याचा सेन्सरच नाही. म्हणून दिवा आणि ॲव्हरेज यांचे दुखणे एकच असेल असे धरून चालू नये.

हवा भरून पुन्हा मोजले. ३०० किलोमीटरला २० लिटर, म्हणजे १५. मग व्हॉल्व्ह बसवला. तो ६५० रुपयांना आला. सोबत रेडिएटरचे नवे पाणीही घातले. आता स्कॅनरवर ८८ अंश दिसले. पुन्हा मोजले. ३२३ किलोमीटरला १९ लिटर. तुम्हीच भागून पाहा!

मामाने सांगितले, की एका वेळी एकच बदल करावा आणि मग मोजावे. सगळे एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कळत नाही. आमच्या वहीत मात्र कळते. हवेने १ किलोमीटर दिला, व्हॉल्व्हने २ दिले. ऑक्सिजन सेन्सर बदलावाच लागला नाही. त्याचे कोड वेगळे असतात. आणि तसा कोड आला तरी आधी त्याची वायर आणि सायलेन्सरच्या नळीला भोक आहे का ते पाहावे.

मित्रांनो, घरी गाडी असेल तर एवढे लक्षात ठेवा.

१. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. ते बरोबर आहे. विझला नाही तरच दोष.

२. दिवा स्थिर असेल तर गाडी जपून चालवून लवकर तपासून घ्यावी. दिवा लुकलुकत असेल तर इंजिनात पेट्रोल नीट पेटत नसते. वेग कमी करून लवकर थांबावे, नाहीतर सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा महाग भाग खराब होतो.

३. तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला किंवा इंजिन फार तापल्याची खूण दिसली, तर गाडी सुरक्षित जागी लगेच थांबवून बंद करावी.

४. आधी कोड वहीत लिहावा, मग तपासावे, मग भाग बदलावा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवता येतो, पण दोष जात नाही.

गुरुजी आम्हाला भागाकार शिकवत होते तेव्हा मी विचारले होते, की याचा उपयोग काय? आता मी विचारत नाही. अण्णांनी लांबची दोन्ही गावे सोडली नाहीत. पेट्रोल भरून आले की ते आधी मला हाक मारतात आणि पावती हातात देतात.

टिकली काढली, पण तिचा डिंक अजून मीटरच्या काचेवर आहे.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी